भरदुपारची गोष्ट

तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते आणि माझ्या कपाळावरची शीर तडतडत होती. तेलंगणात, इचोड्याजवळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. मुलांनी घरात ऐकलेली गोष्ट आपल्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करायची, तिला आपण काढलेली चित्रं जोडायची आणि मग तीच इंग्रजीत लिहायची, असा माझा प्रयोग. साहेब तोच बघायला आले होते.

इंग्रजीत सगळ्यांत हुशार असलेली पोरगी आधी मराठीत गोष्ट सांगायला उभी राहिली आणि गप्पच झाली.

"बोल की!"

"मॅडम, दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकते. माहा मामा ट्रक घेऊन नागपूरले जाऊन राह्यला."

वर्गात कोणी हसलं नाही. मीच भडकले. "तुला विज्ञान कोण शिकवतं गं? बस खाली!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "रेकॉर्डिंग तो है ना? वही चला दो."

रेकॉर्डिंग होतं. तिनं ते घरी, रात्रीची जेवणं झाल्यावर केलेलं, म्हणजे रीत पाळूनच. आता भरदुपारी ते माझ्या मोबाइलमध्ये होतं. पोरगी माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. तिची नजर टाळून मी बटणाकडे बोट नेलं, आणि ते तिथंच अडलं.

माझा धाकटा भाऊ सकाळीच मोटरसायकलवर निर्मल गावाला निघाला होता. माझं लेकरू त्याला मामा म्हणतं.