शेपू

जूनमधला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण : आमचं वाघोलीचं घर. हजर : मी, माझे यजमान, कॉलेजसाठी नागपूरला जायच्या तयारीतली आमची ऋचा, तिची अर्धी भरलेली बॅग आणि माझी आत्या. मी सामानाची यादी वाचत होते. चादरी दोन, बादली एक, कुलपं दोन. आत्या मध्येच म्हणाली, "शब्द लिहिलास का?"

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकून तिचा आवाजांवरचा विश्वास पार उडाला होता. नारायण पेठेतल्या तिच्या दारावर टकटक केली की आतून प्रश्न येई, "कोण?" मी म्हणायचे, "अगं, मी." त्यावर उत्तर ठरलेलं. "‘मी’ तर सगळेच असतात. नाव सांग." नाव सांगितल्यावरही साखळी अडकवूनच दार उघडायची.

ऋचाला तिने दिलेले सल्ले मी यादीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले होते. "अनोळखी माणसापेक्षा ओळख काढत येणारा माणूस जास्त तपासावा." "खोलीतली मुलगी पहिल्याच आठवड्यात फार गोड वागली, तर कपाटाला कुलूप लाव. भांडली तर काळजी नाही." ऋचा म्हणाली, "आत्याआजी, मग मैत्री कुणाशी करू?" "कर की. दुसऱ्या वर्षी."

आणि शब्द. घरच्यांच्या नावाने कुणाचाही फोन आला, तर आधी शब्द विचारायचा. आत्याने निवडला ‘शेपू’. "कुठलाही भामटा बोलण्याच्या ओघात शेपू म्हणणार नाही," हे तिचं कारण. नियम एकच : शब्द बाहेरच्याच्या कानी पडला, की त्याच दिवशी बदलायचा.

मग परीक्षा सुरू झाल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मोबाइल मागून आत्या आम्हाला फोन करी. कधी बँकेतली बाई, कधी कुरिअरवाली. आवाज असा काढायची की मी दोनदा फसले. म्हणून तिसऱ्यांदा एक बाई घाईघाईने म्हणाली, "ऋचाच्या आई ना? वसतिगृहाची खोली आज संध्याकाळपर्यंत पक्की करा," तेव्हा मी तयारीत होते.

"छान जमलाय आवाज. शब्द सांग."

"कसला शब्द?"

"मग ठेव फोन, आत्या."

तिने पुन्हा फोन केला. मी पुन्हा कापला. दुसऱ्या दिवशी कळलं, फोन खरोखरच वसतिगृहातून होता. ऋचाची खोली प्रतीक्षायादीतल्या मुलीला गेली होती. ऋचाने बॅगेतल्या दोन्ही चादरी काढून परत कपाटात ठेवल्या.

आत्याने माफी वगैरे मागितली नाही. "शब्द विचारलास ते बरोबरच. पण बाहेरच्या माणसाला शब्द कसा माहीत असेल? तिथे नाव, ठिकाण विचारायचं, आपण नंबर शोधायचा आणि उलट फोन करून पडताळायचं. अर्धा धडा शिकवायचा राहिला माझा." एवढं बोलून चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती ऋचाबरोबर नागपूरला गेली आणि रेक्टरबाईंच्या दारासमोर बाकावर बसली. तीन दिवस. चौथ्या दिवशी खोली मिळाली. त्याआधी आत्याने रेक्टरबाईंचं ओळखपत्र मागून पाहिलं होतं, असं ऋचाने हसत हसत सांगितलं.

दोन वर्षांनी, मंगळवारी दुपारी, अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी हॉस्पिटलमधून सिस्टर बोलतेय. तुमच्या आत्यांना दाखल केलंय, लगेच या." माझ्या तोंडात प्रश्न तयारच होता : कुठलं हॉस्पिटल, तुमचं नाव काय? तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा हं, आजी काहीतरी सांगताहेत... शेपू. शेपू म्हणा म्हणतात, म्हणजे तुम्ही याल." मी फक्त हॉस्पिटलचा पत्ता विचारला.

मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. माझा हात धरून तिने बारीक आवाजात विचारलं, "उलट फोन करून, पडताळून आलीस ना?"

मी ‘हो’ म्हटलं. खरं तर मी सापडतील त्या चपला पायात घालून तशीच धावत सुटले होते. तिने माझ्याकडे जरा वेळ संशयाने पाहिलं आणि डोळे मिटले. पहाट काही तिने पाहिली नाही.

त्या आठवड्यातली सगळी कामं मी यादी करून उरकली. दाखले, बँक, तिच्या खोलीची आवराआवर. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. एक ओळ मात्र दर महिन्याला नव्या यादीत उतरवते आहे. सिस्टरने शब्द ऐकला होता, म्हणजे नियमाप्रमाणे तो त्याच दिवशी बदलायला हवा होता. ऋचा रविवारी फोन करते, मी शब्द विचारते आणि ती अजून ‘शेपू’च म्हणते.

नवा शब्द ठरवणे : बाकी.