आधी गाडीचे कागद

रविवारी दुपारी जेवण झालं की मी वरच्या खोलीत पडदे ओढून आडवा होतो. खाली माझी बायको, ऋतुजा, भांडी लावते आहे. तो आवाज हळूहळू लांब जातो. डोळे अजून पुरते मिटलेले नाहीत, आणि पायाशी कॉटच्या कडेला आई बसलेली आहे.

"पोचली का गाडी नीट?" ती विचारते.

आई जाऊन सात महिने झालेत, हे मला झोपेतही ठाऊक आहे. तिला ते सांगावं की नाही, एवढंच कळत नाही.

"दोन वर्षं झाली पोचून."

"बरं झालं," ती म्हणते.

मेलबर्नला यायचं ठरलं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. तिकडे मोटरसायकली काय कमी आहेत, तिथलीच घे, म्हणत होते. पण मी हट्टाला पेटलो. कॉलेजपासूनची गाडी, हाताला बसलेली. परवानगीचे कागद, इंजिन नंबरचे फोटो, लाकडी पेटी करून देणारा सुतार, जहाजाचं बुकिंग, यात सहा महिने गेले. आईच्या व्हिसाचा अर्जही तेव्हाच भरायचा होता. वडील गेल्यापासून ती एकटीच राहत होती. मी तिला म्हटलं, आधी गाडीचं होऊ दे, मग तुझं निवांत बघू. ती बरं म्हणाली होती, आत्ता म्हणाली तसंच.

आता आम्ही जयसिंगपूरच्या घराच्या मागच्या अंगणात आहोत. चालत आल्याचं आठवत नाही. गाडीची चाकं काढून ठेवली आहेत. ऑस्ट्रेलियात बाहेरच्या मातीचा कणही चालत नाही, म्हणून आई पाटावर बसून जुन्या टूथब्रशनं मडगार्डच्या आतला चिखल खरवडते आहे. हे खरंच असं झालं होतं. गुडघे दुखत असताना ती दोन दिवस घासत होती, आणि मी एजंटशी फोनवर बोलत होतो.

"तिथं कुठं कुठं फिरवलीस?"

"फिरवली नाही. रस्त्यावर काढायच्या तपासणीत पास होईना, एक पार्ट मिळेना. वाट बघितली आणि मग तिथलीच एक घेतली."

ब्रश थांबतो. "मग ही नेलीस कशाला?"

आवाजात राग नाही. बाजारातून जास्तीची वांगी आणली तर विचारायची, तसंच विचारते. मला सांगायचं असतं की नोकरी बदलली, मग घर बदललं, मग ऋतुजाचा कोर्स सुरू झाला. अर्जाची तीन पानं भरलेली होती, अजूनही लॅपटॉपवर आहेत. फेब्रुवारीत आई सकाळी न्हाणीघरात पडली ती संध्याकाळपर्यंत तिथंच होती. मी पोचलो तोवर पद्मजानं, माझ्या बहिणीनं, अग्नी दिला होता. ती मला एवढंच म्हणाली, की पेटी करायला सुतार बरा सापडला तुला.

अंगणावर पत्र्याचं छप्पर आहे. आम्ही बंदरावरच्या शेडमध्ये आहोत. पिवळं जाकीट घातलेला अधिकारी वाकून बॅटरीच्या उजेडात गाडी बघतो, बोट फिरवतो, मान हलवतो. गाडी पास. मग उजेड आईच्या पायांवर येतो. टाचांच्या भेगांत काळी माती बसली आहे.

"यांना माती आहे," तो अगदी सभ्यपणे मराठीत सांगतो. "या परत जातील."

मी म्हणतो, थांबा, मी काढतो. खाली बसतो, आईची टाच मांडीवर घेतो आणि ब्रशनं घासू लागतो. पाय थंड आहे. एक भेग साफ झाली की शेजारची भरलेली दिसते. अधिकारी घड्याळ बघतो. मी जोर लावतो.

"राहू दे, श्रेणिक."

"दुखतंय का?"

"मला कुठलं दुखतंय," आई म्हणते. "गाडी पास झाली ना? मग झालं."

ती पाय काढून घेत नाही. मी घासत राहतो. ब्रशचे केस झडून गेलेत तरी घासत राहतो.

जाग येते तेव्हा मी कुशीवर, भिंतीकडे तोंड करून आहे. या खोलीची एक भिंत उघड्या विटांची आहे आणि कॉट तिला लागूनच आहे. माझ्या उजव्या हाताच्या चारही बोटांची सालटं निघाली आहेत. विटांवर वीतभर लांबीचा तांबडा पट्टा आहे, अजून ओला.

ऋतुजा चहा घेऊन वर येते. हात बघून विचारते, काय लागलं.

"गॅरेजमध्ये लागलं."

"कधी गेलास गॅरेजमध्ये?" ती म्हणते, आणि उजेड यावा म्हणून पडदा सरकवते. मग तिला भिंत दिसते. कप खिडकीत ठेवून ती माझ्याशेजारी बसते आणि माझा हात मांडीवर घेते.