कपावरचा तळहात

माझी मामेबहीण शालनताई सिमेंटच्या कारखान्याजवळच्या गावात राहते. परवा ती आमच्याकडे आली. बसायच्या आधी तिनं पदरानं खुर्ची पुसली. चहा दिला, तर एका हातात कप धरून दुसरा तळहात तिनं झाकणासारखा वर ठेवला. घोट घ्यायचा, की पुन्हा झाकायचा.

"ताई, इथं कुठली आलीय धूळ?" मी म्हटलं.

ती ओशाळली. "हाताला सवयच लागलीय गं."

तिच्या गावात शाळा कारखान्यानं बांधली, नळही त्यांनीच आणला. दोन्हींवर देणगीची ठसठशीत पाटी आहे. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. याच्यावर कुणाच्या नावाची पाटी लावायची?

"पण कुणी सांगत कसं नाही त्यांना?"

"सभा घेतली की त्यांनी गावात. साहेबांनी स्वतः विचारलं, धुळीचा कुणाला काही त्रास आहे का म्हणून. घरटी एक माणूस तिथं कामाला, बोलणार कोण? सगळे चहा पीत गप्प बसलो."

"आणि साहेब?"

"तेही चहा घेत होते," ताई म्हणाली. "विचारत होते तेव्हा त्यांचाही हात कपावरच होता."