दातवाला दू आणि हियांगची क्रमशः कथा

क्वी हियांग नियो लिहायला बसली की आधी स्वतःच हसायची. तिच्या कागदांवर चहाचे शिंतोडे असायचे, कारण एखादं वाक्य सुचलं की तोंडातला घोट बाहेर. जावा बेटावरच्या सेमारांगमध्ये मी, सगळ्यांचा बिंगको म्हणजे बिंगदादा, तेव्हा एक साप्ताहिक चालवायचो. निम्मे वाचक ते केवळ हियांगच्या क्रमशः कथेसाठी घ्यायचे.

कथेत दर वेळी बोटीतून एक नवा चिनी उतरायचा. काखेत गाठोडं, बोलताना 'र'च्या जागी 'ल', आणि सूप पिताना असा आवाज की शेजारचं कुत्रं भुंकावं. शेवटच्या प्रकरणात तो कालव्यात पडायचा आणि आम्ही हसून लोळायचो. तसे आम्हीही चिनीच, पण पाच पिढ्या जावातल्या. घरात बोली मलाय, बायकांच्या अंगावर सारोंग, ताटात मिरच्यांचं झणझणीत सांबाल. चीन आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता. चिनी माणूस कसा असतो ते मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी कचेरीत एक काटकुळा माणूस आला. हातात आमचा अंक, गुंडाळलेला.

"संपादक तुम्हीच ना? ऐका. रविवार. रबर. रताळं. रिकामटेकडे!" शेवटच्या शब्दाला त्याने माझ्याकडे बोट केलं. "आला का 'र' नीट?"

हा दू शौचिंग. चीनमधल्या हुपे प्रांतातून आलेला, मागच्या गल्लीत दात काढायचा आणि कवळ्या बसवायचा. चिडला असेल म्हणून मी घाईने चहा मागवला, तर स्वारी हसत होती.

"बाई लिहितात झकास. पण दर वेळी आम्हाला कालव्यात कशाला ढकलतात? मी यांगत्से नदीच्या काठचा. पोहता येतं मला!"

"मग तुम्हीच लिहा की."

"माझी मलाय दातांपुरती. आ करा, चूळ भरा, सोमवारी या."

"व्याकरण मी बघतो," मी म्हणालो.

पुढच्याच अंकात दूची गोष्ट आली आणि गावात भडका उडाला. कारण त्याच्या गोष्टीतले विचित्र चिनी म्हणजे आम्ही! विडा खाऊन ओठ लाल केलेल्या, अनवाणी फिरणाऱ्या बायका. बोटांनी मासा निवडणारे पुरुष. पूर्वजांपुढे उदबत्ती लावायची, आणि चिनी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून पाटीवरचं त्यांचं नाव उलटं धरलंय की सुलटं, याचा पत्ता नाही.

हियांग तरातरा आली. "बिंगको, कोण हा मेला? आम्ही पाटी उलटी धरतो?"

"तुझ्या घरची कशी आहे?" मी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "आईला विचारते." आणि फिस्सकन हसली.

त्यानंतर दोघांची जुंपली. एका आठवड्यात ती त्याला सोलायची, दुसऱ्यात तो तिला. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं आणि भेट घालून देण्याइतका मी खुळा नव्हतो. पण हियांगच्या आईचे दात विड्याने हलायला लागले आणि माझा इलाज खुंटला.

पुढचं मला हियांगच्या आईनेच सांगितलं. ती खुर्चीत आ करून बसलेली. दू तिच्या तोंडात कापूस कोंबून रांगेतल्या लोकांना नवा अंक वाचून दाखवत होता. हियांगचंच प्रकरण. वाचता वाचता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "काय टर उडवलीय बयेने! पण सुपाचं खरंय हं. करतो मी आवाज."

"आवाज कमीच लिहिलाय," कोपऱ्यातून हियांग म्हणाली. "आत्ता चहा पिताना ऐकला ना."

दूने मान वळवली. "तुम्ही कोण?"

आईने तोंडातला कापूस उपसला. "हीच ती! आता माझा दात काढा, मग भांडा."

कवळी बसली, आणि आईने खुशीत दूला जेवायला बोलावलं. मलाही. हाताने जेवायचं म्हणून त्याने बाह्या सरसावल्या, सांबालचा पहिला घास घेतला आणि अंगणात धावत सुटला. मग त्याने हियांगच्या हातात जेवायच्या काड्या दिल्या. तिने मांसाचा गोळा काड्यांच्या चिमटीत धरला, तो सटकला आणि थेट माझ्या कॉलरीत. आई इतकी हसली की नवी कवळी ताटात.

त्या जेवणावर दोघांनीही लिहिलं. दोन्ही मजकूर मी समोरासमोरच्या पानांवर छापले. तिच्या पानावर तो गावंढळ, त्याच्या पानावर ती गबाळी. पण तिने त्याच्या हातांचं वर्णन केलं होतं आणि त्याने तिच्या हसण्याचं. खिळे जुळवणारा माझा जुळारी नाक खाजवत म्हणाला, "बिंगको, लग्नाची जाहिरात आत्ताच जुळवून ठेवू?"

लग्नात हियांगने पणजीच्या वेळचा जरीचा झगा आणि भलामोठा मुकुट घातला. दू कुजबुजला, "आमच्याकडे हे आता फक्त नाटकात घालतात." ती म्हणाली, "मग आज नाटक बघ फुकट."

लग्नानंतर तिचं लिहिणं मंदावलं. मी तगादा लावला तर म्हणाली, "बिंगको, पूर्वी डोळे मिटून लिहायची. चिनी म्हणजे जो आपल्या घरचा नाही तो. त्याचंही तेच. आता तो घरातच बसलाय, बघावं लागतं. वेळ लागतो." नव्या कथेतला माणूस बोटीतून उतरला तेव्हा त्याला नाव होतं, गाव होतं, आणि मागे राहिलेली बहीण होती. लोक हसले, पण एक-दोघांनी डोळेही पुसले. दूच्या गोष्टींत विडा खाणारी एक म्हातारी शिरली. वाचकांना ती इतकी आवडली की तिच्या तब्येतीची चौकशी करणारी पत्रं यायची.

पुढे एकदा दवाखान्यात एक डच बाई आली. तिला चिनी जोडप्यावर पुस्तक लिहायचं होतं. तिने दोघांना फोटोसाठी शेजारी बसवलं.

"जरा गंभीर व्हा हं," ती म्हणाली. "चिनी माणूस कधी भावना दाखवत नाही."

दूने हियांगकडे पाहिलं. हियांगने दूकडे. दोघांनी ओठ घट्ट आवळले, खांदे गदगदा हलायला लागले, आणि हियांग बाकावरून खाली घसरली. दू तिला उठवायला वाकला तो तिच्याच शेजारी बसला. बाई कॅमेऱ्यामागून "प्लीज, प्लीज" करत राहिली. रांगेतले लोकसुद्धा सुजलेले गाल धरून हसत होते.