गोष्टीला एक चिंचोका जास्त

“गोष्ट मस्त हाये बाबू. पण चिंचोके टाका लागतेच,” असं म्हणून आमच्या सिस्टर मूठ पुढे करायच्या. माझ्या वक्तृत्वावर इतक्या मायेनं विरजण कुणी घातलं नाही.

धानोऱ्याच्या दवाखान्यात त्या नर्स आणि मी कारकून. ऐंशीच्या दशकात तिथे रविवारची दुपार ढकलणं हेही कामच होतं. त्यावर सिस्टरांनी स्वतःचा एक खेळ काढला. व्हरांड्यात खडूनं जंगल काढायचं. आपण प्रत्येकानं त्यात कुणीतरी व्हायचं. वाटेत काय आडवं येतं ते सिस्टर सांगणार, आपण काय करतो ते आपण. मग फोडलेले चार चिंचोके टाकायचे. निदान दोन पांढरे पडले तर जमलं. सांगणं रंगलं तर पाचवा चिंचोका बक्षीस.

मी अर्थातच वैद्यराज. पुराची नदी म्हशीवर बसून ओलांडताना मी असं भाषण ठोकलं की पाचवा चिंचोका मिळाला. पाचही काळे पडले.

“म्हैस वाचली,” सिस्टरांनी जाहीर केलं.

जीपचे ड्रायव्हरभाऊ मात्र अबोल. त्यांचा मध काढणारा गडी सबंध पावसाळा टिकला होता. “झाडावर चढतो,” एवढंच बोलून ते मूठ सोडायचे. एका रविवारी झाडाखाली अस्वल आलं आणि सगळे चिंचोके काळे पडले. गडी मेला. भाऊ उठायलाच लागले. मी मध्ये पडलो, पुन्हा टाकू द्या म्हणालो.

“पडलं ते पडलं,” सिस्टर म्हणाल्या. मग हळूच, “पण तो कसा गेला, मले नाई माहीत. तुमालेच माहीत. सांगा भाऊ.”

भाऊ बसले आणि बोलत सुटले. झाडाखाली जमलेल्या पोरांना पळता यावं म्हणून गड्यानं अस्वल स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. मधाचं गाडगं फांदीलाच राहिलं. डोळे पुसत भाऊंनी विचारलं, पुढच्या रविवारी मी कोण होऊ?

असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल; कडक, पण कुणाला रिकाम्या हाती न पाठवणारं.

सिस्टरांची पोंभुर्ण्याला बदली झाली. खेळ मी हाती घेतला. मला कुणाचं वाईट बघवत नाही. काळे पडले की म्हणायचो, वारा आला, पुन्हा टाका. सगळे सुखरूप, वाघसुद्धा. माणसं जांभया देऊ लागली. एका दुपारी भाऊ मधूनच उठले, चपला घालू लागले. मी कारण विचारलं.

“बाबू, तुमच्या जंगलात कोनाले काई होतच नाई. मंग मी कायले सांगू?”

ते जीप पुसायला गेले. मी ओलं फडकं घेतलं आणि ते सुखरूप जंगल पुसून टाकलं.