स्क्रीनवरची कानबाई

एरंडोलच्या स्टँडमागे कामिनीचं फॉर्म भरायचं दुकान. कळकट दुकान तिला खपायचं नाही. स्वतः साधी सुती साडी नेसेल, पण कॉम्प्युटर मात्र नवरीसारखा नटवेल. काचेसारख्या आरपार खिडक्या, लाटा हेलावणारं चित्र, माऊसच्या बाणामागे चांदण्यांचं शेपूट. यंत्र नऊ वर्षांचं, मेमरी दोन जीबीची. जळगावचा दुरुस्तीवाला ललित आला की दर वेळी म्हणायचा, "ताई, म्हाताऱ्याच्या गळ्यात किती हार घालशील? चालू दे की त्याला."

"तुला काय कळतं रे, येणाऱ्याला प्रसन्न वाटतं," असं म्हणून ती त्याला गप्प करायची.

यंदा श्रावणात तर तिने कमालच केली. घरची कानबाई, म्हणजे खानदेशात श्रावणात एका रात्रीपुरती घरोघर बसवतात ती देवी, मोठ्या दिरांकडे, आणि दीर सुरतेला स्थायिक झालेले. नवरा गेल्यापासून तिकडून बोलावणंही येईना. सहा वर्षं कामिनीच्या दारात ना गाणी, ना नैवेद्याचे रोट. रविवारी गल्लीत घरोघर चौरंग मांडले गेले, तेव्हा तिला राहवलं नाही. इंटरनेटवरून तिने कानबाईची थीम उतरवून घेतली. नथ ल्यालेला नारळ, लुकलुकणारे दिवे, वरून अखंड पडणारी फुलं. स्क्रीनच्या कडेला हळदकुंकू लावलं, हात जोडले. एकटीच होती, पोटभर रडलीही.

सोमवारी सकाळी गाव वाजतगाजत कानबाईला नदीवर पोचवून आलं. कामिनीची कानबाई मात्र जागेवरच होती. ती काढायला तिचा हात धजेना.

दुपारी तीनला रूपाली आली, सोबत तिची आजी बेबाबाई. केळीच्या बागेत मजुरी करून बेबाबाईने नातीला बारावीपर्यंत आणलेलं. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता आणि मुदत त्याच दिवशी पाचची. जातीचा दाखला सकाळीच हातात पडला, म्हणून उशीर. मोबाईलवर फोटो-सही चढत नव्हती, आणि कानबाईमुळे दुसरी दुकानं बंद.

कामिनी बसली. नाव, गाव, मार्क भरले. फोटो चढवायला घेतला, तर गोल चकली फिरतच राहिली. पंधरा मिनिटं झाली की साइट बाहेर काढायची, पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. फुलं मात्र मजेत पडत होती. सव्वाचार वाजले. रूपाली नखं खाऊ लागली. एक वर्ष वाया गेलं तर मामा तिचं लग्न उरकणार, हे तिने न विचारता सांगून टाकलं.

कामिनीने ललितला फोन लावला.

"नेट चांगलं आहे ना? मग सजावट काढ," तो म्हणाला. "एकेक फूल पडतं ना, ते यंत्राला दर वेळी नव्याने रंगवावं लागतं. सगळी ताकद तिकडेच जाते. थीम साधी कर, सेटिंगमधलं 'बेस्ट परफॉर्मन्स' निवड आणि एकदा बंद करून चालू कर."

"नंतर करते. आज नको."

"ताई, त्या पोरीचा फॉर्म उद्या घेणार आहेत का?"

कामिनीने फोन ठेवला. माऊसवर हात होता, पण बोट हलेना. बसवलेली देवी आपल्या हाताने पुसायची? तिने बेबाबाईला खरं काय ते सांगून टाकलं. घरी कानबाई नाही, म्हणून इथे बसवली.

म्हातारी खुर्चीतून उठली. स्क्रीनजवळ जाऊन तिने नीट पाहिलं.

"माय, कानबाई तं सकायमाच गयी. बठ्ठं गाव धाडी उनं. आते हाऊ रिकामा पाट शे. कसाले जपस?"

देवी सकाळीच गेली, मग रिकामा पाट कशाला जपायचा? कामिनीला ते लागलं, पण पटलंही. बेबाबाईने कमरेच्या पिशवीतून चिमूटभर साखर काढून टेबलावर ठेवली आणि निरोपाचं गाणं धरलं. दोन ओळींनंतर कामिनीचाही आवाज मिसळला. रूपाली घड्याळाकडे बघत बसली होती, बिचारी काय करणार. गाणं संपलं. कामिनीने थीम काढली, ललितने सांगितलं तसं सगळं केलं. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा समोर नुसता निळा पडदा होता.

फोटो चढला. सही चढली. चार वाजून बावन्न मिनिटांनी फॉर्मची पावती आली.

निघताना बेबाबाई दारात थांबली. "पुढला साले आमना घर ये. गाना म्हनाले बाया कमी पडतीस."

"येईन अक्का," कामिनी म्हणाली.

आठवड्याने ललित आला, तो निळा पडदा बघून चाटच पडला. "काय गं ताई, सगळी सजावट उतरवलीस?"

"सोमवार होता," कामिनी म्हणाली. "पोचवून आले."