चरकाला मुसकं

दसऱ्याच्या सुट्टीत लोक कोकणात जातात, महाबळेश्वर गाठतात. मी मात्र शिरोळजवळच्या एका गुऱ्हाळावर गेले, आणि तेही पत्र्याचा एक खोका यंत्रावर बसलाय की नाही हे बघायला! घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण छोट्या कारखान्यांना बरी यंत्रं आणि सुरक्षित पद्धती सुचवणं हे माझं काम, आणि पाठवलेली वस्तू बसवली जाईलच असं नाही, हे एव्हाना मला पुरतं कळलं होतं.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. कोल्हापूरला स्टँडवर दिलीप कांबळे मोटारसायकल घेऊन उभा होता. उद्यमनगरात त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे आणि तो खोका त्यानेच बनवलेला. उशीर झालाय म्हणून मी घाई करत होते, तर म्हणाला, "ताई, पोटात कट गेल्याबिगार काम हुईत न्हाय." मग मिसळ झाली. डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि तरीही वर आणखी कट मागावासा वाटणारी. तिथून हातकणंगले, जयसिंगपूर करत शिरोळ. एसटीही दिवसभर मिळते, पण मोटारसायकलवर दोन्हीकडच्या उसाचा ओला वास येतो, तो एसटीच्या खिडकीतून येत नाही.

गुऱ्हाळ अक्कांचं. नवऱ्यामागे त्यांनी एकटीने चालवलेलं. तिथे चरक, म्हणजे उसाचा रस काढणारं यंत्र, विजेवर चालतो आणि त्याच्या फिरत्या लाटांमध्ये, म्हणजे रोलरांमध्ये, माणूस हाताने ऊस सारतो. तो माणूस म्हणजे भरमा. मागच्या हंगामात चरकाने त्याची दोन बोटं नेली, आठ राहिली. तेव्हाच अक्कांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या हंगामात हात आत जाणार नाही अशी सोय झाली तर गुऱ्हाळ, नाहीतर चरक भंगारात. आणि भरमाला तर जन्मभर दुसरं काही काम ठाऊक नाही. दोघांचंही सगळं त्या खोक्यावर अडलं होतं.

आम्ही पोचलो तो खंडेनवमीचा दिवस. बघते तर काय, चरक उघडाच! आणि आमचा खोका देवापुढे पाटावर, हळद-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून बसलेला. शेजारी कोयता, खुरपं, नट आवळायचे पाने, पक्कड. मी हसावं की रडावं?

"अहो भरमा, हा बसवला का नाही?"

"म्हंजे?" भरमा चकित. "तुम्ही फोनवर 'आवरण' म्हणलासा की. हंगाम संपल्यावर चरक झाकायला असंल, असं वाटलं. नवं हाय, म्हणून पूजंला ठेवलं."

दिलीप पोट धरून हसला. 'सुरक्षा आवरण' हा शब्द माझाच, आणि मला तो फार चांगला वाटत होता. आता बसवावा म्हटलं, तर पानेही पूजेत! अक्का म्हणाल्या, "आज हत्याराला हात लावायचा न्हाय, पावणं. उद्या दसरा हाय, मुहूर्तावर लावा. आज जेवा."

मग काय, झुणका, भाकरी, ठेचा. मुक्कामही तिथेच. संध्याकाळी दिलीपबरोबर नृसिंहवाडीला जाऊन कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहिला, बासुंदी खाल्ली. घाटाजवळच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा अजून आहेत. पावसाळ्यात जाणार असाल तर आधी चौकशी करून जा.

दसऱ्याला सकाळी खोका बसवला. ऊस त्याच्या लांब गळ्यातून आत जातो, हात बाहेरच राहतो. चरक सुरू केला आणि तिसराच वाकडा ऊस तोंडाशी अडकला. भरमाने सवयीने तळवा पुढे केला. पण हात पत्र्यावर थांबला. भरमा मात्र वैतागला.

"ह्येचं तोंडच बांधलंय. खाणार कसं त्ये? असं एकेक ऊस घालून आदण कवा भरायचं? काढा हे!"

आदण म्हणजे गूळ शिजवायच्या काहिलीत, मोठ्या कढईत, एका वेळी मावणारा रस. माणसांची मजुरी आदणावर, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी रोलरमधलं अंतर, बोटांची लांबी असलं काहीबाही बोलू लागले. कुणी ऐकेना.

अक्का पुढे आल्या. "भरमा, उभ्या पिकात कोळपताना बैलाच्या तोंडाला मुसकं बांधत न्हाईस व्हय?"

"बांधतो की."

"का?"

"पीक खातंय त्ये."

"मग? ह्यो बैल बोटं खातोय. बांध मुसकं!"

भरमा कपाळावर हात मारून असा हसला की चुलवाणात जाळ घालणारी माणसंसुद्धा वळून बघू लागली. "मुसकं व्हय! आदी न्हाय का सांगायचं?"

उरली अडकणाऱ्या उसाची अडचण. दिलीपने खोका उतरवला, मोटारसायकलवर मागे मला बसवून तो माझ्या मांडीवर दिला आणि आम्ही कुरुंदवाडला. तिथल्या वर्कशॉपवाल्याला म्हणाला, "दसऱ्याचा मुहूर्त हाय मालक, पहिलं काम चांगलं करा." खोक्याचं तोंड कर्ण्यासारखं पसरट करून घेतलं, गळा तेवढाच ठेवला. परत आल्यावर वाकडे ऊसही सरळ आत जाऊ लागले. भरमा दोन-दोन ऊस सारत होता. दुपार कलता काहिलीतून गुळाचा वास सुटला आणि अक्कांनी माझ्या हातावर गरम गूळ ठेवला. जीभ भाजली, पण मी इतकी खूश होते की तक्रार कुणाकडे करणार?

दिलीपला संध्याकाळी बुद्धविहारात पोचायचं होतं, आई वाट बघत होती. जयसिंगपूरला त्याने मला एसटीत बसवून दिलं.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे माझ्या माहितीपत्रकातलं 'आवरण' खोडून 'मुसकं' लिहिलं. साहेब नाक मुरडणार, मुरडू देत. हल्ली दिलीपकडे आसपासच्या गुऱ्हाळांवरून माणसं येतात आणि "मुसकं हाय का?" असंच विचारतात. हंगाम संपल्यावर अक्कांनी गुळाची ढेप पाठवली. पोचल्याचं सांगायला फोन केला तर भरमानेच उचलला.

"काय भरमा, कसं काय?"

"आठ हुती ताई," तो फोनवर ओरडला, "आठच्या आठ हायत!"